झोपेचा खून : ‘मॅकबेथ’मधील निद्रा-स्वप्नांची प्रतिमासृष्टी

‘मॅकबेथ’ या शोकात्मिकेतील प्रतिमांचा विचार बहुधा रक्त, काळोख आणि अंगाला न बसणारी वस्त्रे या तीन अंगांनी होतो. वस्त्रप्रतिमांकडे कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५ साली लक्ष वेधले. क्लिअन्थ ब्रूक्स यांनी १९४७ मध्ये त्यांना नग्न अर्भकाच्या प्रतिमेची जोड देऊन त्या विवेचनाला वेगळे वळण दिले. निद्रेच्या प्रतिमांची दखल घेतली जात नाही असे नाही. पण दखल घेऊन त्यांवर ‘सदसद्विवेकाची टोचणी’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते आणि विषय संपतो. पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हे विधान इतक्या वेळा वाचावे लागते की ते मूळ नाटकातच असावे असे वाटू लागते. मॅकबेथने पाप केले, म्हणून त्याची झोप गेली. पापाला शासन झाले. हा अन्वयार्थ चुकीचा म्हणता येणार नाही. तो अपुरा आहे आणि दिलासा देणारा आहे. अपराध्याला झोप लागत नाही, या विधानाची दुसरी बाजू निरपराध्याला ती सुखाने लागते अशी असते. नाटकात नेमके याच्या उलट घडते.

या नाटकात झोप हरवलेला पहिला माणूस मॅकबेथ नाही. तो रंगमंचावर कधीच न येणारा एक खलाशी आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी एकमेकींना आपापल्या करामती सांगत असतात. एका खलाशाच्या बायकोने मागितलेले चेस्टनट दिले नाहीत, म्हणून आलेप्पोला गेलेल्या तिच्या नवऱ्यावर पहिली चेटकीण सूड घेणार आहे. नऊ गुणिले नऊ, म्हणजे एक्याऐंशी आठवडे त्याच्या पापणीवर झोप उतरणार नाही. त्याचे जहाज बुडणार नाही, पण वादळात हेलकावत राहील. या माणसाचा अपराध कोणता? काहीच नाही, नाटकाच्या आरंभीच निद्रानाश अपराधापासून असा तोडला गेला आहे. मॅकबेथच्या पुढील अवस्थेचा हा पूर्वसंकेत आहे असे अभ्यासक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण मग निष्कारण छळल्या गेलेल्या माणसाची अवस्था खुन्याच्या अवस्थेचा नमुना म्हणून का निवडली, हा प्रश्न त्यांनी विचारलेला दिसत नाही.

दुसरा माणूस बँको. खुनाच्या रात्री, खून होण्यापूर्वी, त्याच्या अंगावर झोपेचे ओझे शिशासारखे आले आहे आणि तरीही त्याला झोपायचे नाही. विश्रांतीत निसर्गतः मनात शिरणाऱ्या दुष्ट विचारांना आवर घालावा, अशी तो दैवी शक्तींची करुणा भाकतो. आदल्या रात्री त्याला त्या तीन चेटकिणी स्वप्नात दिसल्या होत्या आणि तसे तो मॅकबेथला सांगतोही. मॅकबेथ उत्तर देतो की, आपण त्यांचा विचारही करत नाही. एकाने स्वप्न कबूल करायचे आणि दुसऱ्याने जागेपणीचा विचारही नाकारायचा, एवढ्या दोन वाक्यांत या दोघांमधील अंतर स्पष्ट होते. बँकोने काहीही केलेले नाही, तरी त्याला झोपेची भीती वाटते. पुढे तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात एक नाव नसलेला सरदार देशाचे मागणे मांडतो, त्यात ताटात अन्न मिळावे याबरोबर रात्रीला झोप मिळावी हेही आहे. पाचव्या अंकात राणीच्या दारापाशी वैद्य आणि दासी दोन रात्री जागून काढतात. चेटकिणींचा खलाशी, बँको, सबंध स्कॉटलंड आणि चाकरीतील माणसे अशी ही निद्राहीनता पसरत जाते. तिला शिक्षा म्हणायचे, तर ही कोणाची शिक्षा कोणाला मिळते आहे?

माझे म्हणणे असे, की या नाटकात निद्रा ही एकट्या माणसाची शारीरिक अवस्था म्हणून येत नाही. माणसे एकमेकांच्या सान्निध्यात डोळे मिटतात, त्यामागे एक न बोललेला करार असतो. डंकन हा राजा असण्याआधी त्या घराच्या छपराखाली निजलेला पाहुणा आहे, आणि त्या रात्री सुरी चालते ती या करारावर. राजहत्या हा नाटकातील राजकीय गुन्हा खरा; तथापि शेक्सपिअरची प्रतिमासृष्टी त्याहून अधिक मूलभूत अशा या कराराभोवती फिरते.

शेक्सपिअरने हे जाणीवपूर्वक केले याला आधारसंहितेचा पुरावा आहे. हॉलिन्शेडच्या बखरीत, जिची दुसरी आवृत्ती १५८७ साली निघाली, मॅकबेथ डंकनला मारतो ते मित्रांच्या संमतीने, आणि त्या मित्रांत बँकोही आहे. तेथे निजलेला पाहुणा नाही, यजमानाचे शयनगृह नाही. ते शेक्सपिअरने त्याच बखरीतील दुसऱ्या एका कथेतून उचलले. राजा डफ याला डॉनवाल्डने आपल्या ताब्यातील गढीत, बायकोच्या चिथावणीने आणि शयनसेवकांना खाऊपिऊ घालून गुंगवून, झोपेत मारवले होते. झोप उडवणारा आवाज आला तो तिसऱ्याच कथेतून. पुतण्याचा काटा काढणाऱ्या राजा केनेथला रात्री बिछान्यात एक वाणी ऐकू आली आणि ती रात्र त्याने झोपेविना काढली. तीन राजांच्या तीन कथांतून निद्रेशी संबंधित तेवढे धागे निवडून ते एका रात्रीत विणले गेले आहेत. त्यातही महत्त्वाचे म्हणजे त्या वाणीत झालेला बदल. बखरीतील वाणी ईश्वराच्या सर्वज्ञतेबद्दल बोलते; केनेथला आणि त्याच्या वंशाला भोगाव्या लागणाऱ्या शासनाबद्दल बोलते. नाटकातील आवाज ईश्वराचे नाव घेत नाही, शासनाची धमकी देत नाही. झोप मारली गेली आणि मारणारा आता झोपणार नाही, एवढेच तो सांगतो. मॅकबेथच्या घशात ‘आमेन’ अडकल्याचा उल्लेख याच प्रवेशात थोडा आधी येतो, तेव्हा धार्मिक संदर्भ पुसला गेला आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण झोपेचा उच्चार होताच तो मागे सरतो आणि मॅकबेथ बोलू लागतो ते शिवणकाम, स्नान, जखमेवरचा लेप आणि भोजनातील मुख्य पदार्थ यांच्या भाषेत. या प्रतिमा घरातल्या आहेत. खून करून आलेला सेनापती रक्ताळलेल्या हातांनी उभा राहून घरगृहस्थीची शब्दकळा वापरतो, यातील विपरीतता अंगावर येते. आपण कशातून बाहेर फेकले गेलो आहोत हे त्याला त्याच क्षणी कळलेले असते.

त्या प्रतिमामालिकेतच झोपेला प्रत्येक दिवसाचा मृत्यू म्हटले आहे. झोप आणि मरण यांची जोडी जुनीच. सकाळी मॅकडफही झोपेला मरणाची नक्कल म्हणतो आणि निजलेल्यांना थडग्यातून उठल्यासारखे उठायला सांगतो. या जुन्या रूपकात शेक्सपिअरने येथे जो बारकावा घातला आहे त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. येथे झोप माणसाचे मरण नाही, दिवसाचे मरण आहे. झोपेमुळे दिवस संपतो. मग झोपेचाच खून झाल्यावर काय होईल? दिवस मरणार नाहीत; एकाला दुसरा लागून येत राहील. पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात राणीच्या मृत्यूची वार्ता आल्यावर मॅकबेथ जे प्रसिद्ध स्वगत म्हणतो त्यात ‘उद्या’ हा शब्द तीनदा येतो, आणि त्या उद्यांच्या मध्ये कोठेही रात्र नाही. स्वगतात मेणबत्ती आहे, सावली आहे, नट आहे, वेड्याने सांगितलेली गोष्ट आहे. विसावा मात्र नाही. या स्वगताला जीवनाच्या निरर्थकतेचे तत्त्वज्ञान म्हणून संहितेतून कापून काढण्याची आणि सुभाषितासारखी वापरण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. हे तत्त्वज्ञान सर्व माणसांचे नव्हे. ज्याचे दिवस संपायचे थांबले आहेत अशा एका माणसाचे ते वर्णन आहे, आणि त्याचा उगम दुसऱ्या अंकातील त्या रात्रीत आहे.

आता स्वप्नांकडे वळू. ‘तिसरा रिचर्ड’मध्ये क्लॅरन्स आपले स्वप्न सविस्तर सांगतो, ‘जूलियस सीझर’मध्ये कॅलपर्निआचे स्वप्न कथन केले जाते आणि त्याचा अर्थ लावण्यावरून वादही होतो. ‘मॅकबेथ’मध्ये एकही स्वप्न सांगितले जात नाही. बँको आपल्याला स्वप्न पडले एवढेच सांगतो. मॅकबेथ रोज रात्री हादरवणाऱ्या भयंकर स्वप्नांविषयी बोलतो, पण त्यांत काय दिसते ते सांगत नाही. स्वप्न येथे कथा म्हणून येत नाही, हवेसारखे सर्वत्र भरून राहते. विल्सन नाइट यांनी १९३० मध्ये या नाटकाच्या दुःस्वप्नसदृश वातावरणाविषयी लिहिले ते याच अर्थाने लक्षणीय आहे. खुनाला निघालेला मॅकबेथ अर्धे जग मृतवत पडले आहे आणि पडद्याआड निजलेल्यांना दुष्ट स्वप्ने छळत आहेत असे म्हणतो, तेव्हा तो स्वतः जागा असतो. पण हवेत लोंबणारी कट्यार पाहणारा हा जागा माणूस निजलेल्यांपेक्षा अधिक स्वप्नात आहे.

येथे पतिपत्नींची तुलना अटळ ठरते. लुडविग येकेल्स यांची कल्पना पुढे नेत फ्रॉइडने १९१६ च्या निबंधात असे सुचवले की, मॅकबेथ आणि त्याची पत्नी हे एकाच व्यक्तित्वाचे दोन भाग आहेत. त्याच्यात पेरलेली भीती तिच्यात उगवते. यापुढे झोप नाही ही वाणी त्याने ऐकली, प्रत्यक्षात मात्र बिछान्यातून उठते ती राणी. राजाला झोप लागत नाही असे आपल्याला कोठे ऐकू येत नाही, असेही फ्रॉइड म्हणतो. निरीक्षण विलोभनीय आहे, पण संहितेला धरून नाही. मेजवानीच्या प्रवेशाअखेरीस, सगळ्या सजीवांना टिकवणारी झोप तुम्हांला मिळत नाही, असे राणीच त्याला सांगते. झोप दोघांचीही गेली आहे. गेली मात्र वेगवेगळ्या तऱ्हेने. तो जागेपणी स्वप्ने पाहतो आणि ती झोपेत जागी असते. त्याच्या डोळ्यांपुढे नसलेले उभे राहते. तिचे डोळे उघडे असून त्यांना समोरचे दिसत नाही. या दोन अवस्थांच्या मधली, सगळ्यांना साधणारी साधी झोप दोघांनाही पारखी झाली आहे.

निद्राभ्रमणाच्या प्रवेशाचा प्रभाव पहिल्यापासून आहे. १६११ साली ग्लोबमध्ये हे नाटक पाहणाऱ्या सायमन फोरमनने राणी रात्री झोपेत उठून चालते, बोलते आणि वैद्य तिचे शब्द टिपतो, याची आवर्जून नोंद केली आहे. तिला या शेवटच्या प्रवेशात पद्य दिलेले नाही, हे वेगळेपण ब्रॅडली यांनी दाखवले. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते तिच्या अंगावरील झग्याकडे. खुनानंतर दारावर थापा पडू लागताच तिने नवऱ्याला रात्रीचा झगा चढवायला सांगितले होते. आपण जागे होतो असे कोणाला वाटू नये म्हणून. झोप त्या क्षणी एक वेष झाली, सोंग वठवण्याचे साहित्य झाली. पाचव्या अंकात दासी वैद्याला सांगते की, राजा रणांगणावर गेल्यापासून राणी झोपेत उठते, रात्रीचा झगा अंगावर घेते, कपाट उघडते, कागद काढते, लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा निजते. सोंगासाठी सुचलेला वेष आता तिच्या अंगाला चिकटला आहे. स्पर्जन यांनी न बसणाऱ्या वस्त्रांची यादी केली. खरेखुरे बसलेले हे एक वस्त्र आहे.

आणखी काही गोष्टी परत येतात. सुरीला आपण केलेली जखम दिसू नये म्हणून जिने गडद रात्रीला बोलावले होते, तिने आता सतत जवळ दिवा ठेवण्याची आज्ञा दिली आहे. तिचा पहिला प्रवेश पत्र वाचत झाला होता; आता ती पत्र लिहिते आणि त्यात काय आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. दारावरील थाप तिच्या झोपेत पुन्हा ऐकू येते, बाहेर मात्र कोणी नसते. डी क्विन्सीने १८२३ च्या आपल्या निबंधात त्या थापेमुळे थांबलेले मानवी जग पुन्हा सुरू होते, असे म्हटले होते. राणीच्या बाबतीत तसे होत नाही. तिच्यापुरती ती थाप संपलेलीच नाही. निजलेला डंकन आपल्या बापासारखा दिसला नसता तर आपणच ते काम केले असते, हे तिचे वाक्य दुसऱ्या अंकात ओझरते येऊन जाते. काही क्षणांनंतर तीच नवऱ्याला ऐकवते की, निजलेली माणसे आणि मेलेली माणसे ही नुसती चित्रे. या दोन वाक्यांतील विसंगती समीक्षकांनी तिच्या स्वभावातील कोमलतेचा पुरावा म्हणून वापरली आहे. मला ती निद्रेसंबंधीची वाटते. झोपलेल्या माणसाचा अधिकार, पराक्रम, पद सगळे गळून पडते आणि तो कोणाचाही बाप होऊ शकतो. तिने ते पाहिले, आणि न पाहिल्यासारखे करण्यासाठी चित्राची उपमा शोधली.

मराठी वाचकाला सौप्तिक पर्व आठवणे स्वाभाविक आहे. पर्वाचे नावच निजलेल्यांवरून पडले आहे. संतापाने झोप न येणारा अश्वत्थामा, शेजारी निजलेले कृप आणि कृतवर्मा, वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड, निजलेल्यांना मारू नये हा कृपाचा सल्ला आणि शेवटी हजारो वर्षे एकाकी भटकण्याचा शाप, अशी साम्यस्थळे बरीच आहेत. तेथेही शिबिरातील वीरांना संहार आधीच स्वप्नांत दिसलेला असतो. पण साम्य फार ताणू नये. अश्वत्थामा शत्रूच्या शिबिरात शिरतो, पाहुण्याच्या शय्यागृहात नव्हे. आणि त्याचा शाप बाहेरून, श्रीकृष्णाच्या मुखातून येतो. मॅकबेथला शाप देणारे कोणी नाही. जागृती, स्वप्न, सुषुप्ती या आपल्या परंपरेतील अवस्थात्रयाचा साचा या नाटकावर बसवण्याचा मोहही टाळलेला बरा. येथील झोप आत्मज्ञानाची पायरी होत नाही. ती बिछान्यातलीच राहते.

मराठीचा खरा उपयोग होतो तो दुसरीकडे. शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’पासून (१८९८) वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’पर्यंत (१९५४) हे नाटक मराठीत पुन्हा पुन्हा आले आहे. यांपैकी कोणत्याही रूपांतराचे मूल्यमापन येथे करायचे नाही. मराठीत विचार करताना या प्रतिमेचे काय होते, एवढेच पाहायचे आहे. मराठीत मी झोपतो हे खरे; पण झोप ‘मला येते’, ‘मला लागते’. स्वप्न ‘मला पडते’. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. झोप बाहेरून येते आणि आपण तिला जागा देतो; ती पाहुणी असते. असा अर्थ मूळ इंग्रजी वाक्यात आहे असा माझा दावा नाही. तथापि झोपेचा खून हा शब्दप्रयोग मराठीत मनात घोळवताना, घरी आलेला डंकन आणि घरी येणारी झोप या एकाच प्रकारच्या पाहुण्या आहेत हे जसे जाणवते तसे ते इंग्रजीत जाणवेलच असे नाही.

दुसरा शब्द ‘जागणे’. न झोपणे हा त्याचा एक अर्थ. शब्दाला जागणे, इमानाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे हा दुसरा. बँको त्या रात्री दोन्ही अर्थांनी जागा आहे. आपली निष्ठा निष्कलंक राहत असेल तरच आपण सल्ला ऐकू, असे तो मॅकबेथला त्याच प्रवेशात सुनावतो आणि झोपेचा भारही दूर ठेवतो. मॅकबेथ डंकनने दिलेल्या मानाला जागला नाही. म्हणून तो उरलेले आयुष्य जागत राहिला, असे मराठीत श्लेषाने म्हणता येते. अनुवादकाने हा श्लेष प्रत्यक्ष वापरावा की नाही हा रुचीचा प्रश्न आहे. मी वापरणार नाही. तो फार चटकदार आहे, आणि त्या क्षणी मॅकबेथला चटकदार बोलणे सुचणार नाही. समीक्षकाला मात्र तो वाट दाखवतो. जागेपणा आणि इमान यांना एका क्रियापदात बांधणाऱ्या भाषेला निद्रानाश हा निव्वळ मनोविकार वाटत नाही.

शेवटी एका संदिग्ध जागेचा विचार करावयास हवा. खुनाच्या वेळी कोणी एक झोपेत हसला आणि दुसरा ‘खून’ म्हणून ओरडला. दोघांनी एकमेकांना जागे केले, प्रार्थना केली आणि ते पुन्हा झोपी गेले, असे मॅकबेथ सांगतो. हे दोघे कोण? शयनसेवक, की शेजारच्या खोलीतील राजपुत्र? याबद्दल मतभेद आहेत. गुंगवलेले सेवक असे जागे होऊन प्रार्थना करतील हे कठीण वाटते. आणि याच संवादात दुसऱ्या खोलीत निजलेल्या डोनलबेनचा उल्लेख येतो. राजपुत्र असा पर्याय स्वीकारला, तर माल्कम हा या नाटकात झोप मोडूनही पुन्हा झोपू शकलेला माणूस ठरतो. पाचव्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात बर्नमच्या अरण्यापाशी आल्यावर माल्कमच्या तोंडी जी आशा येते ती शयनगृहे सुरक्षित होण्याच्या दिवसांची. सिंहासनाचा किंवा न्यायाचा उल्लेख त्यात नाही. समारोपाच्या भाषणात मात्र हा विषय निघत नाही. नव्या पदव्या, परागंदा झालेल्यांना परत बोलावणे, स्कोनला होणारा राज्याभिषेक यांची भाषा येते. आणि त्या रात्री चंद्र मावळला आहे असे बापाला सांगणारा, बापाची तलवार हाती धरून उभा असलेला फ्लिअन्स, ज्याच्या वंशाकडे मुकुट जाणार असे चेटकिणींनी सांगितले आहे, तो या शेवटच्या मेळाव्यात नाही. पुढे एका मशालीच्या उजेडात बाप मारला जात असताना तो अंधारात पळाला, त्यानंतर त्याने कोठे पाठ टेकली हे नाटक सांगत नाही.